ओळख जास्त झाली

आमच्या घरी येऊन पाणी न पिता परत गेलेला पहिला माणूस मला आठवतो, तो म्हणजे माझे चौथीचे मास्तर. पोराला शाळेतून काढू नका, एवढं सांगायला ते होटगी स्टेशनापासून रुळाच्या कडेनं चालत आमच्या वस्तीवर आले होते. वडील रेल्वेत गँगमन. त्यांनी शेजारून बाज मागून आणली, झटकली, मास्तरांना बसवलं. आईनं तांब्या राखेनं घासून लखलखीत केला आणि पाणी भरून समोर आणलं. मास्तर म्हणाले, "आत्ताच घेतलं हो स्टेशनवर." मग बराच वेळ बसले, वडिलांना चार गोष्टी नीट समजावून सांगितल्या आणि घाम पुसत गेले. मास्तर चांगले होते. ते आले नसते तर मीही खांद्यावर पहार घेऊन रूळ ठोकत फिरलो असतो, म्हणून त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण ते वळणावर दिसेनासे झाल्यावर आईनं तांब्यातलं पाणी कोंबड्यांच्या परळात ओतलं. 

त्यानंतर आमच्याकडे ग्रामसेवक आले, देवी काढणारे आले, मतं मागणारे आले. सगळ्यांनी आत्ताच घेतलेलं असायचं. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात आमची कपबशी वेगळी, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेली असायची. चहा पिऊन ती आपली आपण धुवायची आणि परत कोनाड्यात ठेवायची. आईनं आम्हाला एकच शिकवलं होतं : दुसऱ्याच्या दारात पाणी मागायचं नाही. दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर तहान घेऊन घरी यायचं.

मी बी.ए. झालो. वस्तीतला पहिला. शेवटच्या वर्षाचा अभ्यास दुष्काळात केला, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन. ही गोष्ट मी अजूनही सांगतो आणि सांगताना मान ताठच असते. तेवढ्यात सोलापुरात समाजकार्याचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्यानं सुरू झाला होता. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एकेक खास विषय मिळायचा : कामगार कल्याण, कुटुंब व बालकल्याण, समुदाय विकास, नाहीतर वैद्यकीय समाजकार्य. शेवटच्या विषयाला जागा थोड्या होत्या. मला तोच हवा होता.

कारण सांगतो. मी लहान असताना आईचा हात रुळावरच्या खडीनं कापला आणि चिघळला. सरकारी दवाखान्यात वडील केसपेपर हातात धरून सकाळपासून उभे होते. ज्याला विचारावं तो पुढच्या खिडकीकडे बोट दाखवायचा. शेवटी एका छोट्या खोलीतून एक गृहस्थ बाहेर आले, वडिलांच्या हातातला कागद घेतला आणि स्वतः चालत डॉक्टरांपर्यंत घेऊन गेले. त्या खोलीवर पाटी होती, समाजसेवा अधीक्षक. मी ती अक्षरं जुळवून वाचली होती. वडिलांच्या तोंडी पुढे कितीतरी वर्षं 'त्या खोलीतला साहेब' होता. मी या अभ्यासाला नाव घातलं तेव्हा ते म्हणाले, "त्या खोलीत तू बसलास म्हंजी आपल्या मानसाला कागद धरून हुबं ऱ्हावं लागनार न्हाय." एवढ्यासाठी मी रोज सकाळच्या पॅसेंजरनं होटगीहून सोलापूरला जात होतो.

आठवड्यातले दोन दिवस वर्ग नसायचा, क्षेत्रकार्य असायचं. माझी नेमणूक क्षयरोगाच्या दवाखान्यात झाली. इंजेक्शनं अर्धवट सोडून घरी बसणाऱ्या रोग्यांना शोधायचं, का सोडली ते विचारायचं आणि परत आणायचं. आमच्यावर देखरेख करायला एक मॅडम होत्या. मुंबईत शिकलेल्या, हातमागाच्या साड्या नेसणाऱ्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी सुरुवातीलाच एका जाड इंग्रजी पुस्तकातून नियम समजावून दिले. त्यात एक नियम असा, की सेवार्थीच्या, म्हणजे ज्याला मदत करायची त्याच्या, घरी काही खायचं-प्यायचं नाही. घेतलं की आपण त्याच्या उपकाराखाली येतो, अंतर राहत नाही, निर्णय तटस्थपणे घेता येत नाही.

सगळे लिहून घेत होते. मीही लिहीत होतो आणि मला हसू आलं. शेजारच्यानं कोपर मारलं. "काय बे, कशाला हसलालास?"

म्हणालो, "हा नियम आमच्याकडं फार जुना आहे. इंग्रजीत आत्ता ऐकला."

त्याला काही उमगलं नाही. तो चांगल्या घरचा, नवी पेठेत वडिलांचं दुकान होतं.

वस्तीत जायला लागल्यावर वर्गात पाणी नाकारायच्या कलेला बहर आला. कोणाला आम्लपित्त होतं. कोणी आत्ताच उसाचा रस घेतलेला असायचा. हा माझा शेजारी तर सरळ उपास सांगायचा, सोमवारी शंकराचा, गुरुवारी दत्ताचा. मी विचारलं, "उपासाला पाणी चालतं की रे." तर म्हणाला, "माझा कडक असतो." सगळे हसले. मीही हसलो. हसताना मला ते 'आत्ताच घेतलं हो' ऐकू येत होतं.

माझ्याकडे आलेला रोगी सोलापूरच्या पूर्वभागातला, तेलुगू विणकर. एका कारखान्यात चादरीच्या मागावर होता. इंजेक्शनं सुरू केली आणि मध्येच बंद. मी घर शोधत गेलो तर दारात त्याची बायको मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. तिला गल्लीत सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायला लागलो. तिनं मान वर केली नाही.

"न्हाईत घरात."

"कुठं गेलेत?"

"गेलेत की कुटंतरी. तुमी कोन? वसुलीवाले?"

"दवाखान्यातून आलोय."

ती पटकन उठली, मला आत घेतलं आणि दार लोटलं. गल्लीत ऐकू जाऊ नये म्हणून. मग पुढचं मागचं न विचारता पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र माझ्यासमोर ठेवलं आणि बघत उभी राहिली. पाण्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ही नजर मी ओळखून होतो. आई मास्तरांसमोर अशीच उभी होती.

मी पाणी प्यालो. सगळं फुलपात्र संपवलं.

"त्येंचं वेगळं हाय हां," ती म्हणाली. "ते बघा." फळीवर एक दुसरं फुलपात्र उपडं घातलं होतं, त्याच्या गळ्याला लाल सुताचा दोरा बांधलेला. "दवाखान्यात सांगितलंय वेगळं ठेवा म्हनून. तुमी घाबरू नका."

"मी कुठं घाबरलो?"

"शेजारचे घाबरतेत की. जावबाई येती, उंबऱ्याभायेर उभी ऱ्हाती. माजा भाऊ आला, तोंडाला रुमाल लावून बसला. मी म्हनलं, अरे, मला झालंय का?" आणि ती हसली. तेलुगूत काहीतरी पुटपुटली, बहुतेक भावाला शिवी असावी. मग स्टोव्ह पेटवून चहा टाकला. तोही मी घेतला.

चहा पिताना मी त्या दोऱ्याकडे बघत होतो. तिचा दोरा रोगासाठी होता, बरं झाल्यावर सुटणारा. आमच्या कोनाड्यातल्या कपबशीला दोरा नव्हता, पण कधी सुटलीही नाही.

चहा झाल्यावर तिनं खरं काय ते सांगितलं. नवरा इंजेक्शनाला जातो हे कारखान्यात कळलं तर माग काढून घेतील. दवाखान्याच्या रांगेत गल्लीतलं कोणी ना कोणी भेटतंच. म्हणून त्यानं जाणं सोडलं. मी हे डॉक्टरांना सांगितलं आणि मागे लागून लागून स्टेशनाकडच्या एका छोट्या दवाखान्यात, त्याच्या ओळखीचं कोणी फिरकत नाही अशा ठिकाणी, त्याला इंजेक्शन मिळायची सोय करून घेतली. तो जायला लागला. पहिल्यांदा मीच सोबत गेलो. परतताना तो म्हणाला, "लई टोचतेत ओ." आपण शिकलो ते कुठेतरी लागू पडलं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं ते त्या दिवशी.

नंतर मॅडम माझं काम बघायला माझ्याबरोबर त्या घरी आल्या.

अक्कानं चटई झटकली. मॅडम बसल्या, छान बोलल्या, पोरांची चौकशी केली. अक्कानं तांब्या आणला. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "नको हं, आत्ताच घेतलं."

अक्काचा हात तसाच राहिला. मग तिनं तांब्या माझ्याकडे वळवला. "तुमास्नी बी नको?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. अक्काही बघत होती. मी फुलपात्र घेतलं आणि प्यालो.

आम्ही गल्लीतून बाहेर पडलो. मॅडम कोपऱ्यावर थांबून म्हणाल्या, "रोजच घेता तुम्ही इथं?"

"हो. चहासुद्धा."

"क्षयरोग्याचं घर आहे हे."

"त्याचं भांडं वेगळं आहे, मॅडम. दोरा बांधलाय."

"प्रश्न भांड्याचा नाही."

आठवड्याच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर हा विषय काढला. आधी कौतुक केलं. रोगी उपचाराला लागला, सोय कल्पकतेनं केली. मग म्हणाल्या, "निकाल बरोबर आहे, पद्धत चुकली." आणि फळ्यावर इंग्रजीत एक लांबलचक शब्द लिहिला, ओव्हर-आयडेंटिफिकेशन. कार्यकर्ता सेवार्थीत स्वतःला बघायला लागतो, त्याची दुःखं स्वतःची समजतो, मग त्याचा उपयोग राहत नाही. दवाखान्यात तर हा दोष फार घातक, कारण तिथं रोज माणसं मरतात.

मी विचारलं, "मॅडम, तुमच्या घरून कोणी पाणी न पिता गेलंय कधी?"

 नवी पेठेतला खिडकीबाहेर बघायला लागला.

मॅडम चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. फळ्यावरच्या शब्दावर हलकेच खडू आपटून म्हणाल्या, "बघा, यालाच म्हणतात हे."

नंतर मला एकट्याला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, त्यांच्या किटलीतला चहा पुढे केला. "पुढच्या आठवड्याच्या बैठकीत विषय ठरणार आहेत. तुम्हाला वैद्यकीय हवाय, मला ठाऊक आहे. समितीतले बाकीचे तज्ज्ञ या गोष्टीवर बोट ठेवणार. तुम्ही बैठकीत एवढंच म्हणा, माझी चूक झाली, मला कळली. पुढचं मी बघते."

त्या मनापासून सांगत होत्या. म्हणूनच ते जास्त लागलं.

"विचार करून सांगतो," म्हणालो. चहा तसाच ठेवून उठलो. आता वाटतं, तो तरी प्यायला हवा होता. 

घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा वदवून घेतला. "म्हंजी काय रं?"

"म्हणजे ओळख जास्त झाली."

"ओळख जास्त झाली म्हनून जागा देत न्हाईत व्हय?" त्यांनी बिडी विझवली. "म्हनून टाक की चूक झाली. आमी रोज म्हनतो. साहेबानं रूळ चुकीचा बसवून घेतला तरी चूक माजीच म्हनतो. त्येनं काय झिजतंय?"

"पाणी प्यालो ही चूक म्हणू?"

"तोंडानंच म्हनायचं की. मनात न्हाय. एकडाव त्या खोलीत जाऊन बस, मग पी की पिंपभर."

 त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका आपल्या म्हणत मला शिकवलं होतं. आता तेवढं एक वाक्य मी म्हणायचं राहिलं होतं.

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. पाठ आमच्याकडे. थापायची थांबली नाही, फक्त म्हणाली, "नगं म्हनू."

वडील तिच्याकडे वळले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळतंय मला," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

मी बैठकीत ते म्हणालो नाही. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" मी म्हणालो, "चूक असती तर सांगितली असती." एवढंच. आवाज चढवला नाही, ते त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

यादी लागली. माझ्या नावापुढे समुदाय विकास. वैद्यकीयमध्ये बाकीच्यांबरोबर नवी पेठेतल्याचं नाव होतं, उपासवाल्याचं. त्यानं तो विषय मागितलाही नव्हता. त्याला कामगार कल्याण घेऊन गिरणीत चिकटायचं होतं. तो मला टाळत फिरत होता, शेवटी जिन्यात गाठलं तर म्हणाला, "मला काय माहीत बे. त्यांनी दिलं." बिचाऱ्याचं खरं होतं. पुढे तो दुसऱ्या जिल्ह्यात अधीक्षक झाला. तसल्याच एका खोलीत बसला, पाटी लावून.

मॅडम मला व्हरांड्यात भेटल्या. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नाराज होऊ नका. समुदाय विकासात तुमच्यासारख्यांची फार गरज आहे. वस्तीतल्या लोकांत मिसळायची तुम्हाला उपजत हातोटी आहे. बाकीच्यांना ते शिकवून येत नाही."

 जो अवगुण दाखवून एक दार लावलं, त्याच अवगुणाला हातोटी म्हणून दुसऱ्या दारातून आत ढकलत होत्या, आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. 'तुमच्यासारख्यांची' या शब्दावर मी अडलो होतो. म्हणजे दवाखान्यात खुर्चीवर बसायचं त्यांनी आणि वस्तीत हिंडायचं आम्ही. होटगीच्या रुळाकडेला जन्मलो तेव्हाच हा खास विषय मला मिळाला होता. त्यासाठी दोन वर्षं पॅसेंजरनं यायची काही गरज नव्हती.

वडिलांना सांगितलं. त्यांनी 'बरं' म्हटलं. त्या दिवसानंतर 'त्या खोलीतला साहेब' त्यांच्या बोलण्यात पुन्हा कधी आला नाही. मी पदवी घेतली, नोकरीला लागलो, हातात पगार आला, वस्तीत माझं नाव झालं. त्यांनी ते सगळं पाहिलं. पण खोलीचा विषय नाही. मी तो काढावा असं मला कितीदा वाटलं, आणि काढला नाही.

दुसऱ्या वर्षाचं माझं क्षेत्रकार्य पूर्वभागातच होतं. सार्वजनिक नळासाठी लोकांना गोळा करायचं, महापालिकेत अर्ज द्यायचा, परत गोळा करायचं. एप्रिल संपत आलेला. सोलापूरचं एप्रिलचं ऊन ज्यानं डोक्यावर घेतलंय त्यालाच ठाऊक. सकाळपासून बायकांबरोबर कचेरीत उभा राहून परत येत होतो आणि अक्काची गल्ली लागली. ती दारातच होती, सूप मांडीवर.

"या की. कुटं गायब झालाव?"

मी आत गेलो, चटईवर बसलो. नवरा मागावर गेला होता. इंजेक्शनं संपली होती, आता गोळ्याच चालू होत्या. वजन वाढलं होतं म्हणे. फळीवर बघितलं, फुलपात्राचा दोरा निघाला होता. ते बाकीच्या भांड्यांत मिसळून गेलं होतं, कुठलं ते ओळखू येईना.

"आता नवीन साहेब येतेत," ती सांगत होती. "लई सोज्वळ. काय खात न्हाईत, काय पीत न्हाईत. त्येंचा उपासच असतो बघा कायम."

"हो, फार धार्मिक आहे तो," मी म्हणालो.

ती हसली नाही. विड्या वळत राहिली. आम्ही बोलत होतो, पोरांचं, कारखान्याचं, नळाचं. माझा घसा कोरडा पडला होता. माठ माझ्यापासून हातभरावर, त्यावर झाकण, झाकणावर तांब्या. तिनं उठून पाणी दिलं नाही. मी वाट बघितली. आधी वाटलं, विसरली. मग बघितलं तर तिची नजर मधूनमधून माठाकडे जात होती आणि परत सुपात येत होती.

आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या घरी पाणी मागितलं. "अक्का, पाणी द्या की."

तिचे हात थांबले. "देऊ?"

"का?"

"त्या बाईसाहेब आल्या हुत्या न्हवं, तुमचं येनं बंद झाल्यावर. त्येनी सांगितलं. म्हनल्या, तुमी त्याला च्या-पानी देता, त्यात त्या पोराचं नुकसान हुतं. त्यापायी त्याला दवाखान्यातली जागा मिळाली न्हाई. म्हनून मी..." तिनं पदराला हात पुसले. "मला काय ठाव, पान्यानं नुकसान हुतंय म्हनून. तुमी तरी सांगायचं की ओ."

 ती माझ्याकडे बघत होती, उठावं की बसावं हे न कळून.

"व्हायचं ते नुकसान झालं, अक्का," मी म्हणालो. "आता द्या पाणी."